हादऱ्यात कार्बनची पट्टी कुठून सुटते?

जुने बीम आणि खांब बळकट करायला त्यांवर कार्बन फायबरचे कापड किंवा पट्टी इपॉक्सी या गोंदाने चिकटवतात; यालाच कार्बन रॅपिंग म्हणतात. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नागपूर दुसऱ्या, म्हणजे सर्वांत सौम्य क्षेत्रात मोडते. त्यामुळे इथे ‘डायनॅमिक लोडिंग’ (हलता, हादरे देणारा भार) म्हणजे मुख्यतः उड्डाणपुलावरचे ट्रक. उत्तर-दक्षिण जाणारा आणि पूर्व-पश्चिम जाणारा असे दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग याच शहरात एकमेकांना छेदतात. मिनिटाला एक जड ट्रक धरला, तरी गर्डरला (पुलाच्या आडव्या तुळईला) वर्षभरात ५ लाखांवर हादरे बसतात. कार्बन रॅपिंगचे नियम मात्र या ट्रकांकडे बघून लिहिलेले नाहीत.

१९६० च्या दशकात बीमच्या पोटाला इपॉक्सीने पोलादी प्लेटा चिकटवू लागले. त्या जड, शिवाय गंजायच्या. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नजवळच्या इबाख पुलावर १७५ किलो पोलादाचे काम सव्वासहा किलोंच्या आतल्या कार्बनने भागवले. कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतर जपानने खांब गुंडाळण्याचा धडाका लावला. आपल्याकडे या कामांना २००१ च्या भूजनंतर जोर आला. पण खांबाभोवती गुंडाळलेल्या कापडाचे टोक कापडावरच चढते, तिथे बाँडची (काँक्रीटला चिकटून राहण्याच्या पकडीची) खरी परीक्षा होत नाही. बीमच्या पोटाची पट्टी मात्र निव्वळ चिकटण्याच्या भरवशावर असते.

ती सुटते तेव्हा इपॉक्सी बहुधा शाबूत असते. काँक्रीटचाच काही मिलिमीटरचा पापुद्रा पट्टीला धरून निघून येतो. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या २००२ च्या मार्गदर्शिकेने फायबर तुटण्याच्या स्ट्रेनला (ताणल्यावर लांबी किती प्रमाणात वाढते, त्या मापाला) एक गुणक लावून विषय आटोपला होता. २००८ मध्ये पट्टी सुटण्याची स्ट्रेन वेगळी काढली आणि काँक्रीटच्या ताकदीशी जोडली. त्या सूत्रात कापडाचे थर चौपट केले की परवानगीची स्ट्रेन निम्मी होते; कापड चौपट, बळ जेमतेम दुप्पट. टेंडरात थर वाढवले की पूल सुरक्षित, असे मानणाऱ्यांच्या हे पचनी पडणे कठीणच. निर्णय योग्य होता, पण अर्धवट. त्यामागच्या चाचण्या प्रामुख्याने हळूहळू एकाच दिशेने वाढवलेल्या भाराच्या. थकव्यासाठी (पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने येणाऱ्या कमजोरीसाठी) वेगळी मर्यादा आहे: कार्बनला अंतिम ताकदीच्या ५५ टक्के, काचेच्या फायबरला २०. त्याने फायबर वाचते. पापुद्र्याला कोण वाचवणार?

पुढच्या प्रयोगांनी गुंता वाढवला. धडक किंवा स्फोटासारखा झटका बसला तर काँक्रीटची ताणशक्ती तेवढ्यापुरती वाढते, बाँडही जास्त भार पेलतो. उलट लहान भार लाखो वेळा आला, तर भेगेच्या तोंडाशी सुटलेला भाग हळूहळू पुढे सरकत जातो. दोन्हींना एकच आकडा लावणे म्हणजे हिशेब चुकवणेच. टोकांना यू-आकाराचे पट्टे आणि फायबरचे अँकर (काँक्रीटमध्ये रुतवलेले खुंट) आले, त्याने पट्टी एकदम निखळणे टळते, भेगेपासची सरक थांबतेच असे नाही.

त्यात आपला मे महिना. साइटवर सुकणारे बरेचसे इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि इथे सावलीतच पारा ४५ गाठतो. पट्टी स्लॅबच्या वरच्या अंगाला असेल तर विचारायलाच नको.

काम संपताना पट्टीवर डॉली (धातूची छोटी चकती) चिकटवून ओढून बघतात, १.४ मेगापास्कल इतका ताण पेलला आणि काँक्रीटच तुटले की पास. ती नव्या पट्टीची परीक्षा. ट्रकांखाली काही वर्षे काढलेल्या पट्टीवर बहुधा हातोडीने टकटक करून पोकळ आवाज येतो का, तेवढेच बघितले जाते.