नांगर थांबवणं वेगळं, गोणी थांबवणं वेगळं

"भाऊ, मी वावर नांगरस नही, मंग हाई सेंद्रियच शे ना?" बांधावर पुन्हा हाच प्रश्न. नाही, भाऊ. संवर्धित शेती आणि सेंद्रिय शेती एक नव्हेत.

सेंद्रिय सगळ्यांना ठाऊक आहे: रासायनिक खत नको, रासायनिक फवारणी नको. नांगराला तिथं बंदी नाही. उलट तणनाशक चालत नाही म्हणून वखर-कोळप्याच्या पाळ्या वाढतात, आणि दावणीला बैल नसतील तर त्याही ट्रॅक्टरनंच. संवर्धित शेतीत माती कमीत कमी हलवायची, निदान ३० टक्के जमीन काडीकचऱ्यानं झाकलेली ठेवायची आणि पिकांची फेरपालट करायची. तिथं युरिया चालतो, तणनाशकही चालतं.

खरी गफलत होते ती उत्सर्जनाच्या हिशोबात. ट्रॅक्टरचा धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून नांगर थांबला की सगळं साधलं असं वाटतं. एक लिटर डिझेल जळालं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. नांगरट आणि रोटावेटर वाचले की तेवढा वाचतो, पैशासकट. आता गोणी बघा. ४५ किलो युरियात ४६ टक्के, म्हणजे जवळपास २१ किलो नत्र. त्यातलं साधारण १ टक्का जमिनीतून नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं असं धरतात. वायू होतो जेमतेम ३२५ ग्रॅम, पण शंभर वर्षांच्या मापात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. म्हणजे एका गोणीमागे ९० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. ३३ लिटर डिझेल जाळल्यासारखं! कारखान्यात ती गोणी बनवताना लागलेला गॅस यात धरलेलाच नाही. मक्याला एकरी दोन गोण्या सहज पडतात. आता तुमच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारा, एकराला किती लिटर लागतं, आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. (शेणखतातल्या नत्रातूनही हा वायू निघतोच. सेंद्रियवाल्यांनी तो शून्य धरू नये.)

कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळलेली झाडं, पेटवणं दोन्हींत बसत नाही, आणि मला ते बघवत नाही. बांधावर रचूनही ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यात टिकते. श्रेडरनं बारीक करा.

लोक विसरतात ती फेरपालट, आणि गोणीपर्यंत पोचते तीच. मका काढल्यावर न नांगरता हरभरा टोकलेलं वावर मला सगळ्यात आवडतं. गुरांपुरता चारा उचलून बाकीची ताटं तिथंच पसरलेली. काड बाजूला सारा, खालची काळी माती बोटाला ओलसर लागते. शेजारच्या रोटावेटर मारलेल्या वावरात तोवर भेगा पडलेल्या असतात. हरभऱ्याला नत्र थोडंच लागतं, बाकीचं तो मुळांच्या गाठींतून स्वतःच मिळवतो. तिथं नांगर आणि गोणी एकाच हंगामात वाचतात.