रेट्रो गाड्या (जुन्या डिझाइनचे नवे अवतार)

लोकांच्या मनात घर करून बसलेली एखादी गाडी बंद पडते, आणि मग काही वर्षांनी कंपनी तिचाच चेहरा, तीच गोलाई आणि बऱ्याचदा तेच नाव घेऊन आतून पूर्ण नवी गाडी काढते, तिला रेट्रो गाडी म्हणतात. विंटेज किंवा क्लासिक म्हणजे खरोखरची जुनी गाडी, तो विषय वेगळा. पोर्शे ९११ पण यात धरत नाहीत, कारण ती गेली साठेक वर्षं न थांबता बनतेच आहे, जी कधी गेलीच नाही ती परत कुठून येणार.

सुरुवात बऱ्यापैकी जपानातून झाली. निसानने १९८७ मध्ये आपल्या मार्च या साध्यासुध्या हॅचबॅकवर गोलमटोल बॉडी चढवून बी-वन नावाची गाडी काढली, फक्त १०,०००, आणि मागणी एवढी आली की लॉटरी काढून विकाव्या लागल्या. १९९१ ची फिगारो पण तशीच लॉटरीने गेली, २०,००० बनवल्या. गंमत म्हणजे या गाड्या कुठल्याच एका जुन्या गाडीची कॉपी नव्हत्या, नुसता जुनेपणाचा फील होता, आणि लोकांना तेवढाही पुरला.

जगभर गाजलं ते मात्र फोक्सवॅगनच्या न्यू बीटलमुळे. जे मेज आणि फ्रीमन थॉमस या दोघांनी कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत काढलेली कन्सेप्ट (म्हणजे फक्त दाखवायला बनवलेला नमुना) १९९४ च्या डेट्रॉइट शोमध्ये दाखवली, लोक वेडे झाले, आणि १९९७ च्या शेवटी मेक्सिकोतल्या प्युब्लाच्या कारखान्यात खरी गाडी बनायला लागली. जुन्या बीटलचं इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, पुढच्या गोल बॉनेटखाली सामान, म्हणजे तो आकार कामातून आलेला होता. नवी होती कंपनीच्याच गोल्फ या हॅचबॅकच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, इंजिन पुढे, पुढचीच चाकं ओढणार. म्हणजे आधी आकार ठरला आणि मग त्यात माणसं कोंबली. छताची कमान दोन्ही बाजूंना सारखी हवी म्हणून पुढची काच एवढी लांब गेली की ड्रायव्हरसमोरचा डॅशबोर्ड जेवणाच्या टेबलाएवढा खोल झाला, आणि मागे बसणाऱ्या उंच माणसाचं डोकं छताला. स्टिअरिंगशेजारी एक छोटी फुलदाणी दिली होती, फूल खोचायला. खरं सांगायचं तर या गाडीबद्दल लोकांना आज तीच जास्त आठवते.

मिनीची गोष्ट जरा वेगळी. १९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली, त्यातून अॅलेक इसिगोनिस या इंजिनिअरने १९५९ मध्ये जेमतेम ३.०५ मीटरची गाडी काढली, इंजिन आडवं टाकलं, चाकं फक्त १० इंचांची आणि ती पार चार कोपऱ्यांत ढकलली, म्हणून आत चार माणसं बसली. ती २००० मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने ऑक्सफर्डजवळच्या काउली इथून नवी आणली, डिझाइन फ्रँक स्टीफन्सनचं. ही ३.६ मीटरच्या पुढे गेली, आणि गाडी एवढी वाढूनही मागची जागा बेताचीच, म्हणजे इसिगोनिसचा मुद्दाच गेला. तरी ती चालली, आणि जोरात चालली, कारण कोपऱ्यात चाकं असल्यामुळे वळणावर जी मजा यायची ती नवीतही उतरली होती. आकार थोडा सुटला, स्वभाव सुटला नाही.

नवी गाडी जुनीपेक्षा मोठी का असते हा प्रश्न सगळे विचारतात. एअरबॅग, दारात लोखंडी बीम, ठोकर लागली की चेपून धक्का खाणारा पुढचा भाग, पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर इजा कमी व्हावी म्हणून बॉनेट उंच, वर एसी, मोठे टायर. १९५९ ची मिनी जशीच्या तशी आज विकायला काढली तर बहुतेक देश ती रस्त्यावर येऊ देणार नाहीत.

फियाट ५०० ला हे गणित बरं जमलं. इंजिनिअर दान्ते जाकोसाची मूळ ५०० आली ४ जुलै १९५७ ला, नवी मुद्दाम बरोबर ५० वर्षांनी, ४ जुलै २००७ ला. फियाटच्याच पांडा या छोट्या गाडीच्या प्लॅटफॉर्मवरची साधी गाडी, युरोपात खपली आणि फारसा बदल न करता वर्षानुवर्षं खपत राहिली. पण २००८ मध्ये तीच आपल्याकडे आयात होऊन आली तेव्हा किंमत जवळपास १५ लाख, आणि कोणी ढुंकून बघितलं नाही. इटलीत आजीआजोबा त्या गाडीतून फिरलेले, इथे कोण फिरलं होतं? आपली फियाट म्हणजे कुर्ल्यात बनलेली पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी. आठवण ही त्या त्या मातीतली लागते, ती जहाजातून आयात होत नाही.

अमेरिकेत फोर्डने २००१ च्या सुमारास थंडरबर्ड परत आणली, दोन सीटची, दिसायला देखणी, पण महाग आणि धड स्पोर्ट्स कार पण नाही, २००५ मध्ये संपली. २००५ ची मस्टँग मात्र खपली. क्रायस्लरची पीटी क्रूझर आधी तुफान चालली आणि दहा वर्षांत लोकांच्या हसण्याचा विषय झाली.

खरी परीक्षा पहिल्या गाडीत नसतेच, दुसऱ्या पिढीत असते. आठवणीवर गाडी एकदा विकता येते, पण पाच-सात वर्षांनी पुढचं मॉडेल काढायची वेळ आली की डिझायनर अडकतो: बदललं तर ओळख गेली, नाही बदललं तर शिळी. बीटलची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये आली, छत चपटं केलं, फुलदाणी काढली, जरा दणकट दिसावी म्हणून सगळं केलं, पण गिऱ्हाईक कमीच होत गेलं आणि जुलै २०१९ मध्ये शेवटची निघाली. मस्टँगने २०१५ च्या मॉडेलमध्ये रेट्रो बराचसा सोडून दिला म्हणून ती वाचली. डॉज चॅलेंजर उलट, २००८ पासून २०२३ पर्यंत अंगावर जवळपास तेच कपडे, फक्त इंजिन वाढवत नेलं, ७०७ हॉर्सपॉवरपर्यंत आणि त्याच्याही पुढे. मिनी दर पिढीत फुगत गेली, आत्ताची कंट्रीमन ४.४ मीटरच्या वर आहे, तिला मिनी म्हणणं म्हणजे सहा फुटी माणसाला बाळू म्हणण्यासारखं.

२०२१ मध्ये लॅम्बोर्गिनीने काउंटाश परत आणली, फक्त ११२ गाड्या. मूळ काउंटाशचे डिझायनर मार्चेल्लो गांदिनी यांनी जाहीर सांगितलं की यात माझा काही हात नाही, माझं काम नेहमी नवीन काहीतरी करण्याचं, आधीचं मोडण्याचं होतं. म्हातारा बरोबरच बोलला. १९७१ मध्ये ती गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्यासारखं मागे काहीच नव्हतं.

आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे टाटा सिएरा. मूळची १९९१ ची, पुण्यात बनलेली, टाटामोबाईल पिकअपच्या चॅसिसवर. तीन दारं, मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत घुसायचं, आणि मागच्या बाजूला ती छतात वळत जाणारी प्रचंड काच, जी उघडायची नाही. तिथे बसलेल्या पोराला अख्खा रस्ता दिसायचा, आणि मे महिन्यात ऊनही अख्खं लागायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी आली, सुरुवातीची किंमत ११.४९ लाख, पाच दारांची, कारण आज तीन दारांची फॅमिली गाडी इथे कोणी घेणार नाही. मग मागचं दार आलं की खांब आला, खांब आला की ती एकसंध काच गेली, म्हणून काळ्या पॅनलने काचेचा भास उभा केलाय. काहींना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत, लांबून बघितलं की सिएरा लगेच ओळखू येते आणि मागे आजीला नीट चढताही येतं.

महिंद्राच्या थारला रेट्रो म्हणावं का यावर वाद आहे, कारण जीपचा वंश त्या कंपनीत १९४० च्या दशकापासून कधी तुटलाच नाही.

इलेक्ट्रिकमुळे या प्रकाराला परत जोर आलाय, पुढे मोठं इंजिन आणि मोठा रेडिएटर नसल्यामुळे डिझायनरला मोकळीक मिळते. २०२४ ची रेनॉ ५ बघा. १९७२ च्या गाडीच्या बॉनेटवर एका बाजूला हवेची जाळी होती, नवीत त्याच जागी ५ चा आकडा आहे आणि गाडी चार्जिंगला लावली की किती चार्ज झाली ते त्या आकड्याच्या दिव्यांवरून कळतं.