शेपटीच्या दोन मणक्यांवरचं नाव

शेपटी मुळात पोहण्यासाठी घडली, 50 कोटी वर्षांपूर्वी. जमिनीवर ती तोल सांभाळायला कामी आली, पक्ष्यांत आखूड झाली आणि माणसाच्या वानरकुळातून सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी गेलीच. त्यामागच्या जनुकीय बदलाचा पुरावा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. विदर्भाचा संबंध येतो तो मात्र डायनोसॉरच्या शेपटीशी.

1828 मध्ये जबलपूरच्या एका टेकडीवर लष्करी अधिकाऱ्याला काही हाडं सापडली. त्यातल्या शेपटीच्या दोन मणक्यांवरून 1877 मध्ये एका लांब मानेच्या, शाकाहारी डायनोसॉरचं 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव ठेवलं गेलं. मणका समोरून खोलगट, मागून गोलसर फुगीर. त्याचा फुगवटा मागच्या मणक्याच्या खोलगट भागात बसतो, थेट उखळीचा सांधा. त्या काळी ही ठेवण ओळख पटवायला पुरेशी वाटली. पुढे अर्जेंटिना, मादागास्कर, जिथे असा मणका निघाला तिथे हेच नाव लागत गेलं.

2003 मध्ये फेरतपासणी झाली. ही ठेवण एका प्राण्याची नसून अख्ख्या गटाची आहे, म्हणून नाव संशयास्पद ठरवलं गेलं. गटाला टायटॅनोसॉर म्हणणं तेवढं राहिलं. नियमाने निर्णय बरोबरच आहे. पण तेव्हा मूळ मणके गहाळ होते. ते कोलकात्यात पुन्हा हाती लागले 2012 मध्ये. ज्या हाडांवर भारतातल्या पहिल्या डायनोसॉरचं नाव उभं, तीच वर्षानुवर्षं सापडू नयेत, ही हेळसांड अक्षम्य आहे.

या निर्णयाची झळ नागपूरहून चंद्रपूरकडे जाताना लागणाऱ्या वरोरा तालुक्याला बसली. डोंगरगावचा सांगाडा 1997 मध्ये टायटॅनोसॉरसचीच नवी जात म्हणून नोंदवला होता. त्याची मान, पाठ, कंबर असं बरंच काही हाती असल्यामुळे 2003 मध्ये त्याला 'इसिसॉरस' हे स्वतंत्र नाव मिळालं. शेजारच्या पिसदुऱ्याची सुटी हाडं मात्र अडकली. शेपटीत मणके डझनांनी असतात आणि मानेच्या मणक्यांसारख्या हवेच्या पोकळ्या त्यांत सहसा नसतात. त्यामुळे टिकतात तेच. जुन्या नोंदींत टायटॅनोसॉरस म्हणून चढलेला असा सुटा मणका आज फार तर 'कुठला तरी टायटॅनोसॉर' एवढंच सांगतो. त्याची जात ठरवायची तर त्याच थरात, त्याच प्राण्याचं दुसरं हाड जोडीला मिळायला हवं.