शिंगावरचं वय

परवा आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर एकाने अलास्कातल्या शिकारीचा व्हिडिओ टाकला. ब्रुक्स पर्वतरांग, आर्क्टिक वर्तुळाच्या वर, झाड औषधालाही नाही. समोरच्या उतारावर पांढराशुभ्र रानमेंढा निवांत रवंथ करतोय आणि गाईड दगडांत पालथा पडून दुर्बिणीतून नुसता बघतोय. शेजारी गिऱ्हाईक रायफल धरून कुडकुडतंय. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "एवढा वेळ काय, मुहूर्त काढतोय का?"

मुहूर्त नाही. तो मेंढ्याचं वय मोजतोय.

हा डॉल मेंढा. बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला परवानाधारक गाईड किंवा तिथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबत असल्याशिवाय याच्या मागे जाता येत नाही. हंगाम साधारण १० ऑगस्ट ते २० सप्टेंबर. छोट्या विमानाने नदीकाठच्या गोट्यांवर उतरायचं आणि पुढे पाठीवर ओझं घेऊन चढायचं. बहुतेक भागांत नियम असा, की नराचं एक तरी शिंग पूर्ण ३६० अंश वळलेलं हवं, नाहीतर दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली हवीत, नाहीतर वय किमान आठ वर्षं हवं. शिंगं पूर्ण वळलेली किंवा तुटलेली नसताना गोळी सुटल्यावर मेंढा सात वर्षांचा निघाला तर शिंगं जप्त आणि वर खटला.

आता शिंगाकडे. मराठीत आपण सरसकट 'शिंग' म्हणतो, पण सांबराचं, चितळाचं शिंग म्हणजे हाड. ते दरवर्षी गळतं आणि नवं येतं. मेंढ्याचं, गव्याचं, काळविटाचं शिंग आयुष्यभर टिकतं. आत हाडाचा खुंट आणि वर केराटिनचं आवरण, म्हणजे आपल्या नखांचाच माल. (छातीत कफ झाला की सांबरशिंग उगाळून लावणारे अजून भेटतात. ते हाड उगाळत असतात, एवढंच. आणि ते विकणं गुन्हा आहे.)

हे आवरण वाढतं बुडाकडून. चणे-दाण्यांच्या पुडीचे कागदी शंकू एकात एक बसवावेत, पण नवा शंकू दरवेळी खालून सरकवावा, तसं. टोक सर्वांत जुनं, कवटीजवळचा भाग यंदाचा. उन्हाळ्यात चारा असतो तेव्हा शंकू वाढतो, हिवाळ्यात वाढ थांबते, वसंतात पुढचा सुरू होतो. दोन शंकूंच्या सांध्यावर खाच राहते, तेच वर्षाचं कडं. खरं कडं शिंगाला पूर्ण वेढा घालतं. बाकीच्या वळ्या अर्ध्यात विरतात. पहिल्या वर्षाचं टोक बहुधा झिजून गेलेलं असतं, त्यामुळे मोजणारा तिथेच फसतो. आपल्या बैलबाजारात दात बघून दुसा, चौसा, जुळलेला ठरवतात. शिंगं साळून गुळगुळीत केलेली, तिथे काय मोजणार!

मग शिंग का वळतं? कारण शंकूची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जास्त वाढते. समजा एका वर्षात बाहेरून १२ सेंटिमीटर वाढ झाली, आतून ४, आणि बुडाची रुंदी ८. फरक ८, भागिले रुंदी ८, म्हणजे १ रेडियन, सुमारे ५७ अंशांचं वळण. म्हातारपणी समजा बाहेरून ३, आतून १ आणि रुंदी १०: ०.२ रेडियन, जेमतेम ११ अंश. शिवाय दोन कडांच्या वाढीचं गुणोत्तर साधारण तेच राहिलं आणि बूडही त्याच प्रमाणात रुंदावत गेलं, तर सारख्या कोनात वळलेला प्रत्येक तुकडा आधीच्याचीच मोठी प्रत होतो. गणितात याला समकोनी सर्पिल म्हणतात. शंखातही तेच दिसतं. हे जरा जड झालं असेल, पण माझा जीव यातच आहे. अर्थ इतकाच की वळण बरंचसं तरुणपणी होऊन जातं. चांगला चारा मिळालेला मेंढा लवकर पूर्ण वळतो, उपाशी राहिलेला आठ वर्षांचा होऊनही अपुरा दिसतो. म्हणून गाईड वळणावर थांबत नाही, कडी मोजत बसतो.

'ट्रॉफी शिकार म्हणजे संवर्धनच' अशी जाहिरात मला पटत नाही. कॅनडातल्या अल्बर्टात, रॅम माउंटनवरच्या बिगहॉर्न मेंढ्यांवर २००३ साली 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला. तिथे चार-पंचमांश वळण झालं की नर मारता येत असे. मग ज्यांची शिंगं झपाट्याने वाढतात ते माजाच्या हंगामांत जम बसवण्याआधीच टिपले गेले आणि सुमारे तीस वर्षांत कळपातली शिंगं लहान होत गेली. यात अनुवंशिकता किती आणि चारा किती, यावर अजून वाद आहे. पण मोठी शिंगं मारत राहायचं आणि मोठ्या शिंगांची अपेक्षाही ठेवायची, हे फार दिवस चालत नाही.

शिकार झाली तरी मोजणी संपत नाही. शिंगं कवटीसकट महिन्याभरात वन्यजीव खात्याच्या टेबलावर न्यावी लागतात. तिथला माणूस शिंग फिरवत बोटाने एकेक कडं चाचपतो. हिशेब जुळला, की शिंगाला छिद्र पाडून त्यात क्रमांकाची ॲल्युमिनियमची गुटी ठोकतो आणि शिंगं परत देतो.