वजन बेताचं, तरी ‘फॅटी लिव्हर’? आमच्या डबा-ग्राहकांसाठी माहिती

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ (यकृतात चरबी साठण्याची पहिली पायरी) आलं की सडसडीत माणसाचा प्रश्न ठरलेला असतो: “मी तर जाड नाही, मग मला कसं?” हे पत्रक त्यांच्यासाठी.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडच्या बऱ्याच बारीक माणसांचं असंच असतं. स्नायू कमी, पोटाच्या आत चरबी जास्त, आणि मग ती यकृतातही साठू लागते. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही घ्या. कंबर पुरुषांची ९० सेंमी, बायकांची ८० सेंमीच्या वर असेल तर सावध व्हा.

उपाशी राहू नका. त्याने आधीच कमी असलेले स्नायू आणखी झिजतात. बदलायचं आहे ते ताट, आणि त्याहीआधी चहा. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. साखरेतल्या फ्रुक्टोजचा बराचसा भाग यकृतातच जातो आणि जास्त झाला की तिथे त्याची चरबी बनते. “गूळ चालेल ना?” नाही. गूळ, मध, उसाचा रस, यकृताच्या लेखी सगळे एकाच माळेचे मणी. फळ चावून खा, रस काढू नका. बिनसाखरेची कॉफी खुशाल घ्या.

फॅटी लिव्हरवाल्यांच्या डब्यात आम्ही दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मोठी वाटी मटकीची किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक देतो. भात अर्धी वाटीच. मांसाहारी डब्यात तव्यावर भाजलेला बांगडा असतो. उपवासाला साबुदाण्याची खिचडी मिळणार नाही, कितीही आग्रह केलात तरी! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात वर बटाटा. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दुधीची भाजी आणि दही.

बारीक माणसालाही ३ ते ५ टक्के वजन उतरवल्याने फायदा होऊ शकतो. ६० किलोच्या माणसाला हे दोन-तीन किलो झाले, तेही डॉक्टरांना विचारून आणि सावकाश, कारण झपाट्याने वजन घटवलं तर यकृतालाच त्रास होतो. रोज चाला, जोडीला जोर-बैठका काढा. दारू बंदच.

एक मात्र डब्याने होणार नाही. थायरॉइड, हिपॅटायटिस सी, स्टिरॉइडसारखी औषधं यांमुळेही यकृतात चरबी साठू शकते, आणि बारीक माणसात ही कारणं आधी तपासावी लागतात. ती तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डबा सुरू करतानाच आम्हाला सांगा, म्हणजे भाकरी-भाताचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवता येईल.