जुन्या सिंथेसायझरांचे सॉफ्टवेअर-प्रतिरूपण

सिंथेसायझर या विद्युत्-वाद्याच्या जुन्या नामांकित यंत्रांचा, मुख्यतः १९६४ ते १९८५ या काळातील यंत्रांचा, आवाज संगणकाच्या आज्ञावलीतून पुन्हा घडविण्याचे तंत्र. यात मूळ यंत्राचे ध्वनिमुद्रण वापरत नाहीत. यंत्रातील आंदोलक (मूळ तरंग काढणारा), फिल्टर (ध्वनीतला काही भाग गाळणारा) व प्रवर्धक (ध्वनी मोठा करणारा) यांचे वर्तन समीकरणांत मांडून त्यांचे उत्तर सेकंदाला ४४,१०० वेळा किंवा त्याहून अधिक वेळा काढले जाते. मुद्रित स्वर वाजविणारी सॅम्पलर पद्धत त्यामुळे या नोंदीच्या कक्षेबाहेर राहते. सॅम्पलरमध्ये कळ दाबली की साठवलेला स्वर जसाच्या तसा उमटतो. प्रतिरूपणात स्वर चालू असतानाच फिल्टरचा नॉब फिरविला, तर पुढचा आवाज त्या क्षणी नव्याने तयार होतो.

ज्यांची प्रतिरूपे सर्वाधिक झाली ती यंत्रे मोजकीच आहेत : अमेरिकेतील रॉबर्ट मोग यांची १९६४ पासूनची मॉड्युलर यंत्रणा व १९७० चे मिनीमोग, डेव्ह स्मिथ यांचे प्रॉफेट-५ (१९७८), कॉर्गचे एमएस-२० (१९७८), रोलँडची तालयंत्र टीआर-८०८ (१९८०) व बासयंत्र टीबी-३०३ (१९८१) आणि यामाहाचे डीएक्स७ (१९८३). मोग हे आडनाव मराठीत पुष्कळदा ‘मूग’ असे लिहिले जाते. खुद्द मोग आपल्या नावाचा उच्चार ओकारान्वये करीत. म्हणजे कडधान्यापेक्षा कोकणीतल्या ‘मोगा’शी तो जुळतो. रोलँडचे नाव महाराष्ट्रात या यंत्रांपेक्षा ऑक्टापॅडमुळे घरोघरी गेले. तो शब्द मूळचा त्या कंपनीच्या तालवाद्याचा आहे, हे गणपतीच्या मिरवणुकीत वाजविणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात नसते.

प्रारंभाचा प्रश्न : पहिले प्रतिरूप कोणते, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. स्वीडनमधील क्लाविया कंपनीचे नॉर्ड लीड साधारणपणे १९९५ चे मानतात. ‘व्हर्च्युअल ॲनालॉग’ ही संज्ञा याच वाद्यामुळे रुळली. आत अंकीय संस्कारक (प्रोसेसर) असला तरी ते स्वतंत्र वाद्य होते आणि त्यात कोणत्याही एका जुन्या यंत्राची नक्कल नव्हती. घरगुती संगणकावर चालणारी आज्ञावली एवढाच निकष धरला, तर बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे जनरेटर (१९९६) आधी येते. प्रॉफेटकार स्मिथ यांचा हात लागलेले सीअर सिस्टिम्सचे रिॲलिटी १९९७ चे आहे. मात्र ही दोन्ही सर्वसाधारण संश्लेषणाची साधने होती. विशिष्ट यंत्र समोर ठेवून, त्याच्या बटणांसकट केलेली आणि खरोखर सर्वदूर गेलेली पहिली नक्कल म्हणून स्टॉकहोमच्या प्रोपेलरहेड कंपनीच्या रीबर्थ आरबी-३३८ या आज्ञावलीकडे (१९९७) बोट दाखविणे अधिक सयुक्तिक ठरते. तीत दोन टीबी-३०३ व एक टीआर-८०८ पडद्यावर मांडलेली होती. पुढच्या आवृत्तीत टीआर-९०९ आली. रीबर्थचे उत्पादन २००५ मध्ये थांबले. २०१० मध्ये ती आयफोनवर अवतरली, पण रोलँडने बौद्धिक संपदेचा आक्षेप घेतल्यावर २०१७ मध्ये ती मागे घेण्यात आली.

जर्मनीच्या स्टाइनबर्गने १९९६ मध्ये व्हीएसटी हा जोडणीचा संकेत जाहीर केला आणि १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात वाद्यांची सोय केली. तेव्हापासून अशी प्रतिरूपे ध्वनिमुद्रणाच्या आज्ञावलीतच उघडू लागली. फ्रान्समधील ग्रनोबल येथील आर्तुरिया कंपनीने २००३ मध्ये मोग यांच्या मॉड्युलर यंत्रणेचे प्रतिरूप काढले, तेही मोग यांच्या संमतीने.

आंदोलक व एलिअसिंग : करवती तरंग काढणे वरकरणी पोरखेळ आहे. एक संख्या वाढवीत न्यायची, १ ला पोचली की −१ वर आणायची. पण असा तरंग संगणकात जसाच्या तसा उतरविला तर तो बेसूर होतो. नमुने सेकंदाला ४४,१०० असतील, तर २२,०५० हर्ट्झपलीकडची कंप्रता (दर सेकंदाची कंपने) त्यांत मावत नाही; ती आरशात पाहिल्यासारखी मागे परतते आणि भलत्याच जागी उमटते. यालाच एलिअसिंग म्हणतात. समजा, स्वर ५,००० हर्ट्झचा आहे. त्याचे १०, १५ व २० हजारांचे हार्मोनिक (मूळ कंप्रतेच्या पटीतले उपस्वर) ठीक बसतात. पाचवा २५,००० चा असायला हवा, तो १९,१०० वर ऐकू येतो. सहावा १४,१०० वर, सातवा ९,१०० वर. आठवा ४,१०० वर, म्हणजे मूळ स्वराच्याही खाली येऊन बसतो. स्वर वर चढवावा तशी ही भुते खाली सरकतात. सुरुवातीच्या स्वस्त प्रतिरूपांचा आवाज कचकचीत म्हणतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

यावरील उपायांचा पाया स्टॅनफर्ड विद्यापीठातील टिम स्टिल्सन व ज्युलिअस स्मिथ यांनी १९९६ मध्ये घातला : तरंगातली उडी तीक्ष्ण न ठेवता कंप्रतेची मर्यादा पाळणाऱ्या स्पंदाच्या आकाराने ती रेखायची. एली ब्रँट यांनी २००१ मध्ये ही कल्पना उडीच्या दुरुस्तीपर्यंत नेली. हेलसिंकीत व्हेसा व्हॅलिमाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती इतकी सोपी केली, की आज नवशिक्याच्या आज्ञावलीतही तिच्या चार ओळी सापडतात.

फिल्टर : प्रतिरूपणाची खरी कसोटी येथे लागते. मोग यांचा शिडीफिल्टर ट्रँझिस्टरांच्या जोड्या एकावर एक रचून केलेला आहे. त्याच्या एकस्वाचा (पेटंटचा) अर्ज १९६६ चा, मंजुरी १९६९ ची. शिडीच्या चार पायऱ्यांमुळे छेदकंप्रतेवरचे (फिल्टर जिथून गाळू लागतो त्या कंप्रतेपलीकडचे) ध्वनी दर सप्तकास २४ डेसिबेलने उतरतात. छेदकंप्रतेवर प्रत्येक पायरी संकेताला ४५ अंशांनी मागे सारते आणि त्याचा विस्तार १/√२ पट करते. चार पायऱ्यांनंतर संकेत पूर्ण उलटा, १८० अंशांवर, आणि एक-चतुर्थांश उंचीचा होतो. तो चौपट करून पुन्हा तोंडाशी दिला की फिल्टर स्वतःच गाऊ लागतो. शिट्टीसारखा तो स्वर मोगच्या वाद्यांची खूण मानतात.

संगणकात हाच फीडबॅक अडचणीचा ठरतो. आताचे निर्गत (आउटपुट) काढायला आताचे आदान (इनपुट) हवे आणि त्या आदानात आताचेच निर्गत मिसळलेले असते. प्रारंभी यावर सरळ तोड काढली गेली : मागच्या नमुन्याचे निर्गत वापरायचे. उशीर सुमारे २३ मायक्रोसेकंदांचा. पण वरच्या कंप्रतांवर तेवढ्यानेही कोन बिघडतो, फिल्टरची शिट्टी नॉबवरच्या आकड्याशी जुळेनाशी होते आणि छेदकंप्रता व अनुस्पंदन (फीडबॅकचे प्रमाण, रेझोनन्स) हे दोन नॉब एकमेकांत लुडबुड करू लागतात. स्टिल्सन व स्मिथ यांनी हे दुखणे १९९६ मध्येच नेमके मांडले होते. आंटी हुओविलाइनेन यांनी २००४ मध्ये प्रत्येक पायरीत ट्रँझिस्टरचा खरा वक्र बसविला. ट्रँझिस्टरची जोडी लहान संकेताला सरळ उत्तर देते, मोठ्याला मात्र ती दबते. संकेत वाढवावा तसा आवाज मऊसर, भरीव होत जातो, तो त्यामुळेच. पुढे वादिम झावालिशिन यांच्या मांडणीने शून्य विलंबाचा फीडबॅक रूढ झाला. त्यात उशीर न घेता दर नमुन्याला समीकरणच सोडवितात. वक्र असेल तर पुनःपुन्हा अंदाज सुधारीत उत्तरापर्यंत जावे लागते. याची किंमत संगणकाला मोजावी लागते. बर्लिनच्या यू-हे कंपनीच्या दिवा या प्रतिरूपात (२०११) अचूकतेच्या ‘ड्राफ्ट’पासून ‘डिव्हाइन’पर्यंत पायऱ्या दिल्या आहेत, आणि शेवटची निवडली की त्या काळचे संगणक धापा टाकीत.

टीबी-३०३ च्या फिल्टरविषयीचा वाद जुना आहे. त्याचा उतार दर सप्तकास १८ डेसिबेल, म्हणजे तो तीन पायऱ्यांचा, असे विधान अनेक ठिकाणी आढळते आणि कित्येक प्रतिरूपे त्याच गृहीतकावर बेतली गेली. मंडल-आकृती पाहता तेथे चार धारित्रे (कपॅसिटर) आहेत, म्हणून पायऱ्याही चारच. मात्र शिडी ट्रँझिस्टरांच्या मोग-पद्धतीची नसून डायोडसारखी जोडलेली आहे. तिच्या पायऱ्या एकमेकींपासून अलग नसतात. खालची वरचीला ओढून धरते. शिवाय एका धारित्राचे मूल्य इतर तिघांच्या जवळपास निम्मे आहे. परिणामी छेदकंप्रतेजवळचे वळण पसरट होते आणि ऐकणाऱ्याला उतार कमी वाटतो. खूप वर गेल्यावर तो २४ ला पोचतो. हा उलगडा बहुतांश अभ्यासक मान्य करतात. १८ हा आकडा कानाला पटणारा पण आकृतीत न बसणारा म्हणावा लागेल. मूळ यंत्र मोगच्या फिल्टरसारखे गाऊ लागत नाही, त्या उंबरठ्यावर थांबते. नकलेने उंबरठा ओलांडला की जाणकार लगेच ओळखतात.

याच यंत्रातील ॲक्सेंटची गोष्ट सूक्ष्म आहे. ठळक करायच्या स्वराला विद्युत् दाबाचा धक्का एका धारित्रातून फिल्टरपर्यंत जातो. लागोपाठ तीन स्वर ठळक केले, तर दुसऱ्याच्या वेळी ते धारित्र पुरते रिकामे झालेले नसते. म्हणून दुसरा स्वर पहिल्याहून अधिक उघडतो आणि तिसरा त्याहून. तीन वेळा तोच स्वर, पण ‘वाव, वॉव, व्वॉव’ असा चढत जाणारा. अनुस्पंदनाचा नॉबही या वाटेत जोडलेला आहे, त्यामुळे तो फिरविला की धक्क्याचा आकारही बदलतो. प्रत्येक स्वराला नवा, एकसारखा धक्का देणारी प्रतिरूपे येथेच उघडी पडतात. स्लाइडमध्ये, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, दोन स्वरांतले अंतर कितीही असो, लागणारा वेळ जवळपास तोच राहतो.

तादाओ किकुमोतो यांनी रचलेले हे यंत्र बास गिटारवादकाची उणीव भरून काढण्यासाठी होते. त्या कामात ते फसले आणि १९८४ मध्ये बंद झाले. शिकागोच्या तरुणांनी जुन्या बाजारातून ते उचलून त्यातून ॲसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार घडविला. फ्यूचर या संघाची त्या शैलीतील पहिली प्रसिद्ध तबकडी १९८७ ची. मुंबईतील चित्रपटसंगीताचे वादक चरणजित सिंग यांनी मात्र १९८२ मध्येच टीबी-३०३, टीआर-८०८ व ज्युपिटर-८ या रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात ध्वनिमुद्रित केले होते. स्लाइडची सोय मींडेला जवळची असल्याने ही जोडी जमली, असे ऐकताना वाटते. २०१० मध्ये त्या तबकडीचे पुनःप्रकाशन झाल्यावर काही लेखकांनी तिला ॲसिड हाउसचा आद्य नमुना ठरविले. शिकागोच्या मंडळींनी ती ऐकली होती असे मानायला आधार नाही. एकाच यंत्राने दोन शहरांत वेगवेगळ्या वेळी सारखी वाट सुचविली, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

कोणता नग? : प्रॉफेट-५ च्या पहिल्या दोन आवृत्त्यांत एसएसएम कंपनीच्या चकत्या (चिप) होत्या, तिसरीत कर्टिसच्या; त्यांचे आवाज वेगळे आहेत. त्यात तापमान, घटकांचे वय, दुरुस्ती करणाऱ्याने पिळलेले स्क्रू यांची भर पडते. त्यामुळे प्रतिरूपकार बहुधा एखादा चांगला सांभाळलेला नग मोजतात आणि एकाच वेळी वाजणाऱ्या पाच स्वरांना किंचित वेगवेगळे करण्यासाठी यादृच्छिक संख्या मिसळतात.

अंकीय यंत्रे : डीएक्स७ ची गोष्ट निराळी. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांच्या कंप्रता-विरूपण (एफएम) संश्लेषणावर आधारलेल्या या वाद्यात सहा आंदोलक आणि त्यांच्या ३२ जुळण्या आहेत, आणि सारे गणित आधीच अंकांत आहे. डेक्स्ड ही मोफत, मुक्त आज्ञावली त्याचे मूळ स्वरसंच थेट वाचते. २०२१ मध्ये केन शिरिफ यांनी डीएक्स७ च्या चकतीची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन तिच्यातील मंडले उलगडली.

ज्या यंत्रांच्या आत संस्कारकच आहे, त्यांच्यासाठी अलीकडे निराळी वाट धरली जाते. ॲक्सेस व्हायरस हे १९९७ चे जर्मन वाद्य स्वतःच जुन्या यंत्रांची अंकीय नक्कल होते. त्यातील मोटोरोलाच्या संस्कारकाचे काम करणारी आज्ञावली लिहिली गेली असून तिच्यावर व्हायरसची मूळ आज्ञावली बदल न करता चालते. त्या मूळ आज्ञावलीची रॉम-प्रत (वाद्याच्या स्मृतीतील मजकुराची नक्कल) मात्र सोबत मिळत नाही. वापरणाऱ्याने ती स्वतः पुरवायची असते.