गेमच्या पेटीमागचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या आर्केड मशीनचा, म्हणजे गेम पार्लरमध्ये असायची तशा व्हिडिओ गेमच्या पेटीचा, तळ फुगला. एमडीएफची खालची कड सूतभर जाड झाली, सनमायका सुटून ओठासारखा बाहेर आला आणि कोपऱ्यातला स्क्रू नुसत्या बोटाने फिरायला लागला. रोज फरशी पुसतानाचं पाणी आणि गॅलरीतून येणारी ओल त्या भुशाच्या फळीने सात वर्षं पिऊन घेतली होती. मी आणि माझ्या आतेभावाने मिळून ती पेटी बांधली होती. आता तीच खोलून प्लायवूडमध्ये नव्याने बांधायला घेतली आहे.

पहिल्या वेळी आम्ही एका अमेरिकन मशीनची मापं जशीच्या तशी उतरवली होती. या वेळी हत्यारं काढण्याआधी प्रत्येक माप आलं कुठून, ते शोधत बसलो. त्या शोधातून जे हाती लागलं ते इथे मांडतो, कारण ही पेटी बांधायची इच्छा असलेले बरेच जण भेटतात आणि सगळे थेट करवतीपासून सुरुवात करतात.

नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ गेमचा धंदा १९७१ च्या ‘कॉम्प्युटर स्पेस’पासून धरतात. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी तो घडवला, नटिंग असोसिएट्सने विकला. त्याची पेटी फायबरग्लासची, गोलाईदार, चकाकत्या रंगाची होती. गेम मात्र लोकांना अवघड गेला. पुढच्याच वर्षी या दोघांनी अटारी ही कंपनी काढली आणि तिथल्या ॲलन अल्कॉर्न या इंजिनिअरने ‘पाँग’ बनवला. त्याचा पहिला नमुना म्हणजे एक लाकडी खोकं, आत दुकानातून आणलेला हिताचीचा काळा-पांढरा टीव्ही आणि नाणी पडायला एक डबा. सनीव्हेल गावातल्या एका बारमध्ये तो ठेवला. काही दिवसांनी तो बंद पडल्याचा निरोप आला, अल्कॉर्न बघायला गेला, तर डबा नाण्यांनी तुडुंब भरलेला! ज्या यंत्रावर हा सगळा धंदा उभा राहिला ते हाताने जोडलेलं खोकं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पेटीचा ओळखीचा आकार त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत ठरत गेला. दोन्ही बाजूच्या फळ्या पुढे येतात त्या शेजारच्या मशीनचा उजेड काचेवर पडू नये म्हणून. वरची उजळ पट्टी अंधाऱ्या हॉलमध्ये लांबून नाव वाचता यावं म्हणून. १९७८ मध्ये टायटोच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला, तेव्हा पडदा काळा-पांढराच होता. रंग दिसावेत म्हणून त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावल्या. उभ्या पेटीत तर पडदा सरळ समोर नव्हताच: चित्र आरशात पडायचं आणि मागे रंगवलेल्या चंद्राच्या देखाव्यावर तरंगल्यासारखं दिसायचं. जपानमध्ये हाच गेम बसून खेळायच्या टेबलाच्या रूपात कॅफेंमध्ये पसरला. १९८० मध्ये नामकोच्या तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ आला. तो खेळताना एकही बटण लागत नाही, फक्त चार दिशांची जॉयस्टिक.

तोवर एक पेटी म्हणजे एक गेम असंच होतं. बोर्ड, म्हणजे गेम ज्यावर असतो ते सर्किट, बदलायचा तर सगळी वायरिंग उपसावी लागे, कारण प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी. १९८५ मध्ये जपानमधल्या उत्पादकांच्या संघटनेने एक ठरावीक जोडणी पक्की केली. संघटनेच्या आद्याक्षरांवरून तिला ‘जामा’ म्हणतात. बोर्डाच्या कडेला ५६ संपर्क, वरच्या बाजूला २८ आणि खालच्या बाजूला २८. पडद्याचे लाल-हिरवा-निळा, स्पीकर, पाच आणि बारा व्होल्ट, नाण्याचा स्विच, दोन खेळाडूंच्या जॉयस्टिक आणि बटणं, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. जुना बोर्ड ओढून काढायचा, नवा खुपसायचा, पाच मिनिटांत मशीन नव्या गेमचं.

माझ्या मते पुण्यातल्या गेम पार्लरचं मूळ या ५६ संपर्कांत आहे. ठरलेली जोडणी आल्यावर पेटी कुणी बनवली याला अर्थच उरला नाही. बोर्ड परदेशातून आला तरी पेटी नाना पेठेत होऊ शकत होती, आणि तशीच होत होती. नव्वदच्या दशकात मी ज्या पार्लरमध्ये वाढलो तिथली एकही पेटी कंपनीची नव्हती. पाऊण इंची प्लाय, बाहेरून लाकडी नक्षीचा सनमायका, पुढे काच, काचेमागे साध्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, आणि जॉयस्टिक-बटणांच्या पॅनेलच्या काठावर कोपर टेकून टेकून उघडी पडलेली फळी. अर्धं शटर खाली, आत अंधार, काउंटरवर “दादा, दोन टोकन द्या” म्हणणारी पोरं. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हे नाव तिथे कुणी घेत नसे. तो ‘मुस्तफा’. त्यातल्या मुस्तफा कैरो या पात्रावरून सगळ्या देशानेच गेमला ते नाव दिलं. १९९३ चा हा कॅपकॉमचा गेम, दोन बटणं, तिघं एकत्र खेळू शकतील असा. शेजारच्या मशीनवर ‘किंग ऑफ फायटर्स ९७’, चार बटणांचा.

अशा पेट्या तरुणपणी बांधलेले एक सुतारकाका मला टिंबर मार्केटमध्ये प्लाय घ्यायला गेलो असताना भेटले. पुढे गणपती मंडळांच्या हलत्या देखाव्यांची कामंही त्यांनी केली. मोटर कुठे लपवायची, वायर कुठून न्यायची, मागचं दार किती मोठं ठेवायचं, हे सगळं त्यांच्या हातात होतं. मी त्यांना विचारलं, “काका, तुमच्या पेट्यांचं पॅनेल पुढच्या बाजूला इतकं उतरतं का असायचं?”

“हात टेकला पाहिजे,” ते म्हणाले, “पण चहाचा ग्लास टेकता कामा नये.”

चहा बटणाच्या भोकातून आत गेला की खालच्या वायरिंगवर पडतो आणि दिवसभराचा गल्ला बुडतो. हे त्यांनी एका मालकाच्या तक्रारीवरून शिकून घेतलं आणि पुढच्या प्रत्येक पेटीला उतार दिला. उंचीचंही तसंच. अमेरिकन पेटी उभ्याने खेळायची, आपल्या पार्लरमध्ये स्टूल असायचं, म्हणून काका पॅनेल जमिनीपासून अडीच फुटांच्या आत ठेवत. आमच्या पहिल्या पेटीचं पॅनेल ३९ इंचांवर होतं. भाचरं पाटावर चढून खेळायची आणि आई दोन मिनिटांत “पाय भरून आले रे” म्हणून बाजूला व्हायची. सात वर्षं आम्हाला वाटत होतं की गेमच त्यांच्या आवडीचा नाही.

बटणांचा इतिहास छोटा आहे, पण पॅनेलला भोकं पाडण्याआधी माहीत हवा. जामाच्या मूळ जोडणीत एका खेळाडूला तीन बटणं धरलेली होती. १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ आला आणि त्याला सहा लागली: तीन ठोशाची, तीन लाथेची. लाथेच्या बटणांसाठी बोर्डावर वेगळा कनेक्टर काढावा लागला. आजही घरी पॅनेल करणारे डोळे झाकून सहा बटणं पाडतात, तिथूनच ती सवय आली. आमच्या घरात मुस्तफा आणि पॅक-मॅन यांच्यापलीकडे फारसं काही खेळलं जात नाही, म्हणून या वेळी चारच. जॉयस्टिकच्या बुडाशी मात्र एक फिरवता येणारी चौकोनी चकती असलेली घेतली. चकती सरळ बसवली की आठ दिशा, तिरकी बसवली की चारच. पॅक-मॅन आठ दिशांच्या जॉयस्टिकवर खेळला की वळणावर बोट तिरकं जातं, दिशांचे दोन छोटे स्विच एकदम टिकटिकतात आणि पिवळा गोळा भिंतीला धडकून थांबतो. चकती फिरवल्यावर एकच टिक ऐकू येते आणि वळण लागतं.

पार्लर बंद होत गेली तसे बोर्ड भंगारात गेले. मुस्तफाच्या बोर्डाची तर वेगळीच अडचण आहे: आवाजाच्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम सांकेतिक रूपात असतो, तो उलगडण्याच्या किल्ल्या त्याच्या आत बॅटरीवर जपलेल्या असतात आणि बॅटरी संपली की त्या पुसल्या जातात. असे गेम टिकले ते मुख्यतः इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेल्या ‘मेम’ या प्रणालीमुळे. जुन्या बोर्डातली प्रत्येक चिप कशी वागते ते सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब लिहून ठेवायचं, हा तिचा उद्देश. गेम त्यात येत नाहीत, त्यांचे हक्क कंपन्यांकडेच आहेत. मेममुळे घरच्या कॉम्प्युटरवर आर्केड गेम चालू लागले आणि लोकांना कीबोर्डऐवजी खरी जॉयस्टिक हवीशी वाटली. सुरुवातीला जुना कीबोर्ड फोडून त्याच्या सर्किटला बटणांच्या वायरी डागत. पण कीबोर्डाच्या कळा उभ्या-आडव्या जाळीत जोडलेल्या असतात. तीन-चार एकदम दाबल्या की एखादी हरवते किंवा न दाबलेली उमटते. मग खास बटणांसाठीचे छोटे बोर्ड आले. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आला आणि पेटीतला मोठा कॉम्प्युटरही गेला. आज एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), वायर आणि कनेक्टर पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतात.

पडद्याने आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं. जुन्या आर्केडची पिक्चर ट्यूब सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या रेघा ओढते, कॉम्प्युटरचा जुना व्हीजीए मॉनिटर त्याच्या दुप्पट. म्हणून आर्केडचा बोर्ड त्या मॉनिटरला थेट जोडता येत नाही. ट्यूबच घालावी असं मलाही वाटलं होतं, पण तिच्यावर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. लहान मुलं असलेल्या घरात मी ते करणार नाही. पहिल्या पेटीत आम्ही जुन्या बाजारातून घेतलेला १९ इंची चौकोनी एलसीडी उभा करून लावला होता. त्याचा हिशेब सुंदर होता: पॅक-मॅनचं चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचं, चौपट केलं की ८९६ बाय ११५२, आणि १२८० बाय १०२४ चा मॉनिटर उभा केला की त्यात ते न कापता बसतं. प्रत्येक ठिपका धारदार. चूक वेगळीच निघाली. स्वस्त ऑफिसी मॉनिटर खालून बघितले की काळवंडतात. ते उभे केले की ‘खालची’ बाजू डावी किंवा उजवी होते. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो की मला चित्र स्वच्छ दिसायचं आणि भावाला करडा चिखल. या वेळी बाजूनेही स्वच्छ दिसणारा आयपीएस जातीचा पडदा घेतलाय, आडवाच लावणार. पॅक-मॅन लहान दिसेल, ते चालेल.

नवी पेटी दोन भागांत होते आहे. आमच्या इमारतीचा जिना जुना, वळणावर सव्वादोन फूट. पहिली पेटी वर नेताना दार काढावं लागलं होतं. आता पॅनेलच्या खाली एक तुकडा, वर दुसरा, मध्ये चार बोल्ट. तळाला दोन इंची रबरी पाय आहेत, म्हणजे पोछा खालून फिरेल. प्लायच्या कडांना लिपिंग (लाकडी पट्टी) लावून झालंय, गुण्या लावून दोन्ही बाजू तपासल्या आहेत, पॅनेलला सुतारकाकांचा उतार दिलाय आणि त्यावर ग्लास ठेवूनही पाहिला. तो घसरला. खालच्या तुकड्याला प्राइमरचे दोन हात झाले आहेत, वरचा गणपतीनंतर चढवणार.